कोणत्या ॲपला इंटरनेट द्यायचं, कोणत्या नाही: नवख्यांसाठी मार्गदर्शक

नवं ॲप उघडलं की ते एकेक गोष्ट मागायला लागतं. कॅमेरा हवा, लोकेशन हवं, कॉन्टॅक्ट्स हवेत. आपण हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. इंटरनेट मात्र ते मागत नाही, कारण ते त्याला आधीच मिळालेलं असतं. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, कॅमेरा-माइकसारख्या नाजूक परवानग्या वापरताना विचारल्या जातात, पण इंटरनेटची गणना 'साध्या' परवानग्यांत होते. ॲप इन्स्टॉल झालं की ती आपोआप लागू होते. पुढे एखाद्या अपडेटमध्ये ती नव्याने घातली गेली तरीही फोन काही विचारत नाही. अँड्रॉइड १२ मध्ये आलेला प्रायव्हसी डॅशबोर्ड कॅमेरा, माइक, लोकेशन कोणी कधी वापरलं ते दाखवतो. इंटरनेटचा तिथे उल्लेख नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची परवानगी हीच आहे. गॅलरीच्या ॲपला फोटो बघू द्यावेच लागतात, नाहीतर ते ॲप ठेवायचंच कशाला? कीबोर्डला तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर कळणारच. ही माहिती फोनमध्येच राहते की बाहेर जाते, हे मात्र त्या ॲपला इंटरनेट आहे की नाही यावर ठरतं. म्हणून बाकीच्या परवानग्या तपासणाऱ्याने ही एक सोडू नये.

आधी ठरवा: डेटा वाचवायचा आहे की माहिती अडवायची आहे?

ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांची बटणंही वेगळी आहेत. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

डेटा पॅक लवकर संपतोय, एवढीच तक्रार असेल तर फोनमधली तयार बटणं पुरतात. ती मोबाइल डेटावर लगाम घालतात, वाय-फायला मात्र हात लावत नाहीत. उलट एखाद्या ॲपने फोनमधली माहिती बाहेर पाठवूच नये असं वाटत असेल, तर मोबाइल डेटा बंद करून काही साधत नाही. दिवसभर थांबलेलं ॲप वाय-फाय मिळताच साठवलेलं सगळं पाठवू शकतं. त्यासाठी दोन्ही वाटा बंद कराव्या लागतात.

पायरी १: कोण किती वापरतंय ते बघा

अँड्रॉइडवर 'सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' किंवा 'कनेक्शन्स' उघडा आणि 'डेटा युसेज'पर्यंत जा. प्रत्येक कंपनीच्या फोनवर ही नावं थोडी इकडेतिकडे होतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'डेटा' टाइप करा. ॲप्सची यादी दिसेल, जास्त वापरणारी वर. एखाद्या ॲपवर टॅप केलं की 'फोरग्राउंड' आणि 'बॅकग्राउंड' असे दोन आकडे दिसतात. फोरग्राउंड म्हणजे ॲप तुमच्या डोळ्यांसमोर असताना झालेला वापर. बॅकग्राउंड म्हणजे तुम्ही ते बंद समजत असताना झालेला. वाय-फायचा हिशेब बहुधा वेगळ्या पानावर असतो, तोही बघा.

आयफोनवर 'सेटिंग्ज'मध्ये 'मोबाइल डेटा' किंवा 'सेल्युलर' उघडा आणि खाली जा. इथले आकडे महिन्यागणिक आपोआप शून्यावर येत नाहीत, शेवटच्या रीसेटपासूनचे असतात. म्हणून अगदी तळाशी असलेलं 'रीसेट स्टॅटिस्टिक्स' एकदा दाबा आणि आठवड्याने परत या.

आयफोनवाल्यांकडे आणखी एक उत्तम सोय आहे, जी फार कमी जण वापरतात. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये तळाशी 'ॲप प्रायव्हसी रिपोर्ट' आहे. आयओएस १५.२ पासून तो मिळतो. तो चालू केल्यावर कोणतं ॲप इंटरनेटवरच्या कोणत्या पत्त्यांशी बोललं याची यादी जमायला लागते. साध्या कॅल्क्युलेटरच्या नावाखाली दहा-पंधरा जाहिरात कंपन्यांचे पत्ते दिसले, तर त्या ॲपबद्दल आणखी काही विचारायला उरत नाही.

आकडे बघताना एक लक्षात ठेवा. व्हिडिओचं ॲप यादीत सगळ्यात वर असणारच, त्यात संशयास्पद काही नाही. खरा प्रश्न असा विचारायचा: या ॲपचं काम इंटरनेटशिवाय होऊ शकतं का? होत असेल आणि तरी ते काही एमबी खात असेल, तर त्याचं नाव कागदावर लिहा. टॉर्च, कॅल्क्युलेटर, फाइल मॅनेजर, कागद स्कॅन करणारं ॲप, गॅलरी, फोनमधली गाणी वाजवणारा प्लेअर, एकट्याने खेळायचे गेम आणि कीबोर्ड ही नेहमीची नावं.

पायरी २: अडवण्याआधी काढता येतं का ते बघा

यादीतली निम्मी ॲप्स बहुधा लागतच नाहीत. टॉर्च फोनमध्येच असतो, कागद स्कॅन करण्याची सोयही आता अनेक फोनमध्ये असते. जे लागत नाही ते अनइन्स्टॉल करा. फोनसोबत आलेलं आणि निघत नसलेलं ॲप 'डिसेबल' करता येतं का बघा.

जे लागतं त्यासाठी दुसरा पर्याय शोधा. मुळात इंटरनेटची परवानगीच न मागणारी ॲप्स असतात, आणि ती असताना फायरवॉलचा, म्हणजे ॲपची इंटरनेटची वाट अडवणाऱ्या वेगळ्या ॲपचा, खटाटोप कशाला? ओळखायचं कसं: प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर 'अबाउट धिस ॲप'मध्ये जा, तळाशी 'ॲप परमिशन्स' उघडा. तिथे 'फुल नेटवर्क ॲक्सेस' अशी ओळ असेल तर ॲपला इंटरनेट आहे. ती ओळ नसेल तर ॲप स्वतःहून काहीही पाठवू शकत नाही, कारण अँड्रॉइडच ते अडवतं. आधीच फोनवर असलेल्या ॲपसाठी: 'सेटिंग्ज', 'ॲप्स', ते ॲप, 'परमिशन्स', मग वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके आणि 'ऑल परमिशन्स'. ओळ दिसेल, पण तिच्यापुढे बंद करायचं बटण नसेल. फुकट आणि खुला सोर्स कोड (कोणालाही वाचून तपासता येणारा) असलेली ॲप्स देणाऱ्या एफ-ड्रॉइडवर अशी इंटरनेटविना चालणारी गॅलरी, नोट्स, कीबोर्ड सहज सापडतात.

कीबोर्डबद्दल विशेष आग्रहाने सांगतो. तुमचे पासवर्ड, आजारपणाचे शोध, घरच्यांशी बोलणं, सगळं त्यातून जातं. अँड्रॉइडवर शक्य असेल तर इंटरनेट नसलेला कीबोर्ड निवडा. आयफोनवर बाहेरून घेतलेला कीबोर्ड मुळात इंटरनेटविनाच बसतो. 'अलाऊ फुल ॲक्सेस' चालू केल्यावरच त्याला नेटवर्क मिळतं. 'जनरल', 'कीबोर्ड', 'कीबोर्ड्स' इथे जाऊन ते बटण बंद आहे ना, एवढं आजच बघा. काही जादा सोयी बंद पडतील, पण टायपिंग चालतं.

पायरी ३: फोनमधली तयार बटणं

अँड्रॉइडवर 'सेटिंग्ज', 'ॲप्स', हवं ते ॲप, 'मोबाइल डेटा अँड वाय-फाय' असं जा. तिथे 'बॅकग्राउंड डेटा' हे बटण असतं. ते बंद केलं की मोबाइल डेटावर असताना ॲप मागच्या मागे काही पाठवू-घेऊ शकत नाही. ॲप उघडलंत की मात्र इंटरनेट सुरू, आणि वाय-फायवर तर काहीच फरक नाही. म्हणजे हे डेटा वाचवायचं बटण आहे.

हाच नियम सगळ्यांना एकदम लावायचा तर 'डेटा सेव्हर' चालू करा. अँड्रॉइड ७ पासून तो आहे. ज्यांना सूट द्यायची, उदाहरणार्थ मेसेजिंग, त्यांना 'अनरिस्ट्रिक्टेड डेटा'च्या यादीत घाला. कुणाच्या हॉटस्पॉटवर असाल तर त्या वाय-फायच्या तपशिलात जाऊन त्याला 'मीटर्ड' ठरवा. मग फोन त्या जोडणीलाही मोबाइल डेटासारखं जपून वापरतो आणि डेटा सेव्हर तिथेही लागू होतो.

काही कंपन्या यापुढे जातात. शाओमी, वनप्लस, ओपो, रिअलमी यांच्या अनेक फोनवर ॲपनिहाय मोबाइल डेटा आणि वाय-फाय वेगवेगळे बंद करायची बटणं मिळतात. कधी ॲपच्या माहितीपानात, कधी सिक्युरिटीच्या ॲपमध्ये. मॉडेल आणि आवृत्तीप्रमाणे वाय-फायचं बटण असतं किंवा नसतं. तुमच्या फोनवर दोन्ही असतील तर तुम्ही नशीबवान. दोन्ही बंद करा, पुढचा फायरवॉलचा भाग वाचायची गरज नाही. ग्राफीनओएस आणि लिनिएजओएस या अँड्रॉइडवरच बेतलेल्या पर्यायी सिस्टिम्समध्ये तर ॲपचं नेटवर्कच बंद करायची सोय आहे. ग्राफीनओएस नवं ॲप बसवतानाच इंटरनेट द्यायचं का ते विचारते. खरं तर प्रत्येक फोनने हेच करायला हवं होतं.

आयफोनवर 'मोबाइल डेटा'च्या त्याच पानावर प्रत्येक ॲपपुढे बटण आहे. बंद केलं की ते ॲप फक्त वाय-फायवर चालेल. 'जनरल'मधलं 'बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश' ॲपनिहाय बंद करता येतं आणि त्याने बॅटरीही थोडी वाचते. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधलं 'लोकल नेटवर्क' हे वेगळं प्रकरण आहे. त्याचा संबंध तुमच्याच वाय-फायवरच्या टीव्ही, प्रिंटर, स्पीकरशी असतो. ते बंद केल्याने इंटरनेट थांबत नाही, पण गेमला तुमच्या घरातली उपकरणं शोधायचं काय काम? बंदच ठेवा. एखाद्या ॲपचं वाय-फाय तोडायचं बटण आयफोनवर सर्वसाधारणपणे मिळत नाही. आयफोनसाठी फायरवॉल म्हणून मिळणारी ॲप्स बहुतेक वेळा विशिष्ट पत्ते अडवतात, विशिष्ट ॲप नाही. त्यामुळे जाहिरातींचे आणि पाळत ठेवणारे पत्ते गाळले जातात, पण 'या ॲपला काहीच नको' असं सांगता येत नाही. म्हणून आयफोनवर पायरी २ वरच जास्त भर द्यावा लागतो.

पायरी ४: अँड्रॉइडवर फायरवॉल

फोन रूट न करता, म्हणजे सिस्टिमवरची कुलपं काढून तिचा पूर्ण ताबा न घेता, ॲपनिहाय इंटरनेट तोडायचा हा खात्रीचा मार्ग. नेटगार्ड आणि रीथिंक ही दोन्ही ॲप्स खुल्या सोर्स कोडची आहेत. नवख्यांना मी नेटगार्डपासून सुरुवात करायला सांगेन, कारण त्याची यादी समजायला सोपी आहे.

आधी ते चालतं कसं हे समजून घ्या, म्हणजे पुढे काही अडलं तर गोंधळ होणार नाही. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला बसवताना एक क्रमांक देतं आणि त्याची सगळी वाहतूक त्या क्रमांकाच्या नावे असते. व्हीपीएन म्हणजे फोनची वाहतूक स्वतःकडे घेऊन दुसऱ्या सर्व्हरमार्फत पाठवणारी सोय. फायरवॉल फोनला सांगते, मी व्हीपीएन आहे. मग फोन वाहतूक तिच्याकडे वळवतो, ती क्रमांक बघते आणि ज्याला मनाई आहे त्याची वाहतूक तिथेच टाकून देते. नावाला व्हीपीएन असलं तरी या अडवण्यासाठी तुमची माहिती कोणत्याही बाहेरच्या सर्व्हरवर जात नाही, सगळं फोनमध्येच घडतं. यातून एक मर्यादाही येते: अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. ऑफिसचं व्हीपीएन वापरत असाल तर दोन्ही एकत्र जमणार नाहीत.

आता कृती.

१. नेटगार्ड प्ले स्टोअर किंवा एफ-ड्रॉइडवरूनच घ्या. फायरवॉलच्या हातात सगळी वाहतूक असते, त्यामुळे कुठल्याही अनोळखी साइटवरची एपीके फाइल (ॲप बसवायची फाइल) इथे मुळीच चालणार नाही. नावासारखं नाव असलेली ॲप्सही टाळा.

२. उघडून वरचं मुख्य बटण चालू करा. व्हीपीएनची परवानगी मागेल, ती द्या. वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह दिसलं म्हणजे काम सुरू.

३. यादीत प्रत्येक ॲपपुढे दोन चिन्हं आहेत, एक वाय-फायचं आणि एक मोबाइल डेटाचं. टॅप केलं की रंग बदलतो आणि ती वाट बंद होते. पायरी १ मध्ये कागदावर लिहिलेली नावं घ्या आणि दोन्ही चिन्हं बंद करा. पहिल्या दिवशी चार-पाच ॲप्सच पुरेत. एकदम चाळीस बंद केलीत तर काय बिघडलं आणि कशामुळे, हे शोधणं कठीण होईल.

४. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'व्हीपीएन' शोधा, नेटगार्डपुढच्या चाकावर टॅप करा आणि 'ऑल्वेज-ऑन व्हीपीएन' चालू करा. फोन रीस्टार्ट झाल्यावर फायरवॉल आपोआप उभी राहावी म्हणून हे लागतं. त्याखालचं 'ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन' मात्र नेटगार्डसोबत बंदच ठेवा. परवानगी असलेल्या ॲप्सना नेटगार्ड व्हीपीएनच्या बाहेरून जाऊ देऊ शकतं. ते दुसरं बटण चालू असेल तर या ॲप्सचंही इंटरनेट जाईल.

५. बॅटरीच्या सेटिंगमध्ये नेटगार्डला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. नाहीतर बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन फायरवॉलच बंद करतो, आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. काही कंपन्यांचे फोन याबाबतीत फार आक्रमक असतात. किल्लीचं चिन्ह अधूनमधून गायब होत असेल तर कारण बहुधा हेच.

६. तपासा. अडवलेलं ॲप उघडा, ज्याला इंटरनेट लागतं असं काहीतरी त्यात करून बघा. जाहिरातीची जागा रिकामी दिसली किंवा 'नो इंटरनेट' असा संदेश आला की जमलं.

हे हाताशी बसलं की नेटगार्डच्या सेटिंग्जमधले डिफॉल्ट्स बघा. तिथे 'सगळ्यांना मनाई, मोजक्यांना परवानगी' असा उलटा नियम करता येतो. नवं ॲप बसवलं की ते आपोआप बंद राहतं आणि उघडायचं की नाही हे तुम्ही ठरवता. रीथिंकमध्येही नव्याने बसवलेली ॲप्स अडवून ठेवायचा नियम आहे, शिवाय कोणतं ॲप कुठे जोडू पाहतंय त्याची नोंदही मिळते. मला हीच पद्धत योग्य वाटते, पण पहिले दोन-तीन आठवडे साध्या यादीवर काढल्यानंतर.

एएफवॉल प्लस हे आणखी एक नाव वाचनात येईल. त्याला रूट केलेला फोन लागतो. नुसत्या यासाठी फोन रूट करू नका.

कोणाला हात लावायचा नाही

गुगल प्ले सर्व्हिसेस अडवू नका. तुमच्या बहुतेक ॲप्सची नोटिफिकेशन्स त्यामार्फत येतात, ती बंद पडली की मेसेज तासन्‌तास उशिरा दिसतील किंवा दिसणारच नाहीत. प्ले स्टोअर आणि सिस्टिम अपडेटही मोकळं राहू द्या. सुरक्षेचे अपडेट न आलेला फोन हा कुठल्याही जाहिरातबाज ॲपपेक्षा मोठा धोका आहे. 'डाउनलोड मॅनेजर' आणि फोन-सिमशी संबंधित सिस्टिम ॲप्सही तशीच ठेवा. नेटगार्ड सुरुवातीला सिस्टिम ॲप्स हाताळायला देत नाही ते याचसाठी.

बँकेची आणि पैसे पाठवायची ॲप्स वेगळ्या कारणाने जपा. त्यातली काही व्हीपीएन चालू दिसलं की उघडतच नाहीत. अशा वेळी फायरवॉल तेवढ्यापुरती थांबवा आणि काम झाल्यावर लगेच चालू करा. त्या मधल्या वेळात अडवलेली ॲप्सही मोकळी असतात, हे लक्षात असू द्या.

भिंतीतल्या फटी

इंटरनेट तोडलेल्या ॲपचं नोटिफिकेशन आलं तर घाबरू नका. ते प्ले सर्व्हिसेसने आणून दिलेलं असतं. तसंच, अडवलेलं ॲप ब्राउझर उघडून तुम्हाला एखाद्या लिंकवर नेऊ शकतं, कारण ती जोडणी ब्राउझरच्या नावे होते. म्हणून अशा ॲपने अचानक ब्राउझर उघडला तर तो बंद करा. फोनमध्ये ऑफिसची वेगळी वर्क प्रोफाइल असेल तर तिथल्या ॲप्सवर तुमच्या बाजूच्या फायरवॉलचा अंमल चालत नाही.

अँड्रॉइड ९ पासून असलेलं 'प्रायव्हेट डीएनएस' याला चांगली जोड देतं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. जाहिरातींचे पत्ते गाळणाऱ्या एखाद्या सेवेचं नाव तिथे टाकलं की सगळ्याच ॲप्समधून ते पत्ते उघडेनासे होतात. ज्या ॲपला इंटरनेट द्यावंच लागतं, तिथे याचा उपयोग होतो. पण ते पत्ता बघतं, ॲप बघत नाही, त्यामुळे फायरवॉलची जागा घेत नाही.

काही बंद पडलं तर

आधी फायरवॉल पूर्ण थांबवून बघा. तरीही अडचण तशीच असेल तर दोष दुसरीकडे आहे. अडचण गेली, तर शेवटी बंद केलेल्या ॲपपासून मागे जात एकेक ॲप उघडा. फायरवॉलमध्ये नोंद ठेवायची सोय असेल तर हे काम झटपट होतं: बिघडलेली गोष्ट पुन्हा करा आणि त्याच क्षणी काय अडवलं गेलं ते वाचा.

अपडेटनंतरही एक फेरी मारा. फोनची मोठी अपडेट आली की बॅटरीची सूट किंवा 'ऑल्वेज-ऑन' टिकून आहे ना, किल्ली दिसते ना, हे बघा. एखादं ॲप काढून पुन्हा बसवलं तर त्याला नवा क्रमांक मिळतो, त्यामुळे जुनी मनाई लागू आहे असं गृहीत धरू नका. यादीत जाऊन दोन्ही चिन्हं पुन्हा तपासा.